मंत्र्यांचं भाषण काढा, पट्टी ठेवा

वाचकांचं पत्र

आम्ही दोघं मित्र नाशिकला सिडकोत राहतो. नोकरी सांभाळून गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'चाळ' नावाचा गेम बनवतोय. निफाड तालुक्यातलं एक शेतकरी कुटुंब, चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, २०० क्विंटल उन्हाळ कांदा, आणि दर आठवड्याला एकच प्रश्न: विकायचा की ठेवायचा? डिसेंबरात निर्यातबंदी येते, मंत्र्यांचं चार मिनिटांचं भाषण होतं, भाव कोसळतो, कांदा सडतो आणि शेवटी वडील आत्महत्या करतात. हा शेवट टाळता येत नाही. आतापर्यंत १४ जणांना खेळायला दिला. कॉलेज रोडवरचे मित्र म्हणाले, "गेममध्ये राजकारण कशाला?" पिंपळगाव बसवंतचा एक जण अर्ध्यातून उठला. एका मित्राचे मामा कांद्याचे व्यापारी आहेत, ते म्हणाले, "आम्हाला चोर ठरवलंत." राजकारण काढून टाकावं का? की 'हा गेम राजकीय नाही' असं लिहून स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात टाकावा? आणि लोकांनी ठरवून वाईट रिव्ह्यू दिले तर काय करायचं? बिल्ड (गेमची सध्याची चालती प्रत) सोबत पाठवतोय.

– दोन मित्र, सिडको, नाशिक

उत्तर

राजकारण काढू नका. कांद्याचा भाव, निर्यात शुल्क, बाजार समिती यांतून राजकारण वजा केलं तर तुमच्या हातात कांद्याची चित्रं तेवढी उरतील. काढायचं आहे ते भाषण. पण त्याआधी एक चूक दुरुस्त करा. पिंपळगावचा खेळाडू बहुधा तिच्यामुळेच उठला असणार.

उन्हाळ कांदा मार्चअखेरपासून मेपर्यंत काढणीला येतो आणि चाळीत साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत राहतो. डिसेंबरात बाजारात असतो लाल कांदा. तो चाळीत टिकत नाही, काढला की ट्रॉली भरावीच लागते. तुम्ही ८ डिसेंबर २०२३ ची बंदी घेतलीत आणि ती मे महिन्यात भरलेल्या चाळीवर आदळवलीत. त्या चाळीत डिसेंबरात जवळपास काही नसतंच. उन्हाळ कांद्याला मधोमध गाठणारा निर्णय हवा असेल तर तो त्याच वर्षीच्या १९ ऑगस्टचा आहे: ४० टक्के निर्यात शुल्क. डिसेंबरची बंदी हवीच असेल तर दुसरा अंक लाल कांद्याचा करा, तिथे चाळीऐवजी रोजची काढणी आणि रोजचा लिलाव ठेवा. ती बंदी ४ मे २०२४ ला उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क यांच्यासह. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही उठलं. एवढ्या तारखांमध्ये तुमच्या गेमचा आख्खा कणा आहे, मंत्र्यांनी तोंडही उघडायची गरज नाही.

दुसरी चूक पट्टीत, म्हणजे विक्रीनंतर शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशोबाच्या कागदात आहे. तुमच्या बिल्डमध्ये शेतकऱ्याच्या रकमेतून आडत, म्हणजे मध्यस्थाचं कमिशन, कापली जाते. फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यायची, असा बदल महाराष्ट्रात २०१६ मध्ये झाला. हमाली, तोलाई, वाराई हे माल उतरवण्या-मोजण्याचे खर्च दाखवा, आडत काढा. कांदेवाल्या घरातला माणूस असली चूक पाच मिनिटांत पकडतो आणि त्यानंतर गेम जे काही सांगेल ते त्याला पढवलेलं वाटतं. "प्रचार आहे" ही तक्रार पुष्कळदा भूमिकेबद्दल नसते. माहिती कच्ची आहे आणि आवाज मात्र चढा आहे, एवढंच तिला सांगायचं असतं.

आता भाषणाबद्दल. गेममधलं राजकारण पात्रांच्या तोंडी कमी आणि हिशोबात जास्त असतं. कशाला किती पैसे पडतात, चूक केल्यावर काय कापलं जातं, कुठली वाट स्वस्त ठेवलीय आणि कुठली महाग, हे सगळं खेळाडू बोटांनी शिकतो. २०१३ चा 'पेपर्स, प्लीज' बघा. लुकास पोप यांनी तो एकट्याने बनवला. तुम्ही आर्स्टोत्झ्का नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवरचे कारकून. तपासलेल्या प्रत्येक माणसामागे ५ क्रेडिट. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, तिसरीपासून दंड. संध्याकाळी पडद्यावर घरभाडं, अन्न, उष्णता आणि आजारी मुलाचं औषध. हुकूमशाही वाईट असते असं तिथे कोणी सांगत नाही. पण कागद अपुरे असलेली बाई समोर रडत असते आणि तिला आत सोडणं म्हणजे आजची तिसरी चूक, हे तुम्हाला माहीत असतं. 'नाही' असा शिक्का मारताना आपला हात कुठल्या हिशोबाने चालतोय हे खेळाडूला स्वतःलाच दिसतं. चार मिनिटांच्या भाषणातून हे साधणार नाही, कारण भाषण ऐकताना खेळाडूचा हात रिकामा असतो. रिकाम्या हाताचा खेळाडू 'पुढे' बटण शोधतो.

तुमच्याकडे तर तयार पट्टी आहे! असा हिशोब मांडा. मे महिन्यात २०० क्विंटल, भाव १,२०० धरला तर सगळा माल लगेच विकून २ लाख ४० हजार. ठेवला तर सड, वजनातली घट आणि कोंब मिळून सप्टेंबरपर्यंत २५ टक्के गेले असं धरा. उरले १५० क्विंटल. म्हणजे मे महिन्याइतकेच पैसे हातात यायला भाव १,६०० हवा. ऑक्टोबरपर्यंत ३५ टक्के गेले तर उरले १३०, आणि भाव लागतो जवळपास १,८५०. चार-पाच महिन्यांत तीस-चाळीस टक्के नुकसान ही आपल्याकडच्या चाळींना अनोळखी गोष्ट नाही, त्यामुळे हे आकडे कोणाला खोटे वाटणार नाहीत. थांबण्याचीही किंमत आहे, हे खेळाडूला दोन महिन्यांत कळतं. मग ऑगस्टमध्ये फोनवर एका ओळीचा मेसेज येऊ द्या: निर्यात शुल्क ४० टक्के. दुसऱ्या दिवशीचा लिलाव दाखवा. बोली कमी, ट्रॉल्यांची रांग तेवढीच. एवढं पुरे.

इथे एक गोष्ट नीट सांभाळा. हा धक्का प्रत्येक खेळाडूला सारखा बसता कामा नये. ज्याने जूनमध्ये अर्धा माल काढला तो वाचेल, ज्याने सगळा धरून ठेवला तो अडकेल, आणि ज्याने मुलीच्या फीसाठी नाइलाजाने मे महिन्यातच विकला तो शेजाऱ्याकडे बघून सुस्कारा टाकेल. असे तीन खेळाडू नंतर एकमेकांशी बोलायला लागले की तुमचा गेम बोलायला लागला असं समजा. सध्या मात्र कोणी काहीही केलं तरी शेवट एकच. मग इतके आठवडे हिशोब करायला का लावला, असं खेळाडूला वाटतं, आणि ते रास्त आहे.

'स्पेक ऑप्स: द लाइन' या २०१२ च्या गेमवरची प्रतिक्रिया या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे. त्यात एका प्रसंगी शत्रूवर पांढरा फॉस्फरस टाकल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही आणि नंतर जळालेल्यांत सामान्य माणसं होती असं दाखवून खेळाडूला जाब विचारला जातो. अनेकांना तो प्रसंग थोर वाटला. अनेक जण चिडले: दुसरा रस्ता तुम्हीच बंद केलात, मग दोष आमच्या माथी का? अनुभवी स्टुडिओने मोठ्या खर्चाने केलेल्या प्रसंगातसुद्धा हा ताण सुटला नाही. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

आत्महत्येचा शेवट काढा, असं मी स्पष्टच सांगते. एक कारण वर आलंच. दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. ज्या घरात हे घडलंय त्या घरातला मुलगा तुमचा गेम खेळणार आहे, आणि तुमच्या गोष्टीत त्याचे वडील केवळ धडा देण्यापुरते येतात. कर्जाचा हप्ता, बंद झालेली शाळेची व्हॅन, विकलेली म्हैस, पुढच्या हंगामासाठी उधारीवर घेतलेलं रोप: हे शेवट कमी नाटकी आहेत, पण खेळाडू ते घरी घेऊन जातो. तुमच्या आग्रहाने तो प्रसंग राहिलाच, तर तो टाळता येण्याजोगा ठेवा, पद्धत दाखवू नका, सुरुवातीला सूचना द्या आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ क्रमांक पडद्यावर ठेवा.

मामांची तक्रार मला तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटली. तुमच्या बिल्डमध्ये व्यापाऱ्याची चार वाक्यं आहेत आणि चारही वाक्यांत तो हसतो. त्याचा धोका कुठेच दिसत नाही. बंदीच्या दिवशी बंदराच्या वाटेवर अडकलेला कंटेनर कोणाचा असतो? आतला माल तापतो, परदेशातला खरेदीदार फोन उचलत नाही, आणि इथे शेतकऱ्याची पट्टी तर चुकती करायचीच असते. एक छोटा अंक त्याच्या बाजूने खेळायला द्या, वीस मिनिटांचा. त्याला साधू करायची गरज नाही. पावसाळी दिवशी तो बोली पाडतो हेही खेळाडूच्या हातून होऊ द्या. आणि तिसरी बाजू विसरलात: सिडकोतली किंवा मुंबईतली बहीण, जिला किलोमागे वाढलेला भाव महिन्याच्या खर्चात दिसतो. निर्यात रोखण्याचा निर्णय कोणाकडे बघून घेतला जातो हे त्या एका फोनवरून कळतं. तीन पट्ट्या शेजारी ठेवल्यात तरी तुमची सहानुभूती शेतकऱ्याकडेच राहील, राहू द्या. तुम्ही तटस्थ असावं अशी माझी अपेक्षा नाही. सगळ्यांचे हिशोब खरे असावेत एवढंच म्हणते.

व्यापाऱ्याचा अंक करताना एक धोका आहे. १९०४ साली अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी यांनी 'लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट घेतलं. जमीन थोड्या हातांत गेली की बाकीचे कसे कंगाल होतात, हे पटावर दाखवायचा त्यांचा हेतू होता. पुढे १९३५ मध्ये त्याच कल्पनेतून 'मोनोपॉली' बाजारात आला आणि आपल्या घरांत 'व्यापार' होऊन पोहोचला. सुट्टीत व्यापार खेळताना भावंडाला दिवाळखोर करून आपण किती खूश व्हायचो, हे कुठल्याही मराठी घरात विचारा. मक्तेदारीवरची टीका मक्तेदारीची मजा होऊन बसली, कारण पटावर सगळ्यात मजेची चाल तीच होती. आपल्या मोक्षपटाचंही तसंच झालं. परंपरा ज्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते त्या पटावर शिडीला सद्गुणाचं नाव होतं आणि सापाला दुर्गुणाचं. नावं गळाली, फासा उरला. तेव्हा साठेबाजीचा आकडा इतका गोड ठेवू नका की खेळाडू तेवढ्यासाठीच गेम पुन्हा उघडेल.

उलट दिशेने होणारी गडबडही पाहून ठेवा. 'बायोशॉक'मध्ये (२००७) लहान मुलींना मारून ताकद वाढवायला लागणारं १६० अ‍ॅडम मिळतं, वाचवलं तर ८०. मोठा नैतिक पेच वाटतो. पण तीन मुली वाचवल्या की २०० ची भेट येते. म्हणजे तिघींमागे मारल्यावर ४८० आणि वाचवल्यावर ४४०. फरक उरला ४० चा! चांगुलपणा महाग असतो असं गोष्ट सांगते आणि हिशोब सांगतो की फारसा नाही. तुमच्या बिल्डमध्ये शेजाऱ्याला ताडपत्री उसनी दिली की पुढच्या आठवड्यात तो दुप्पट परत करतो. ती परतफेड काढा, किंवा कधीतरीच होऊ द्या.

'धिस वॉर ऑफ माइन' तुम्ही खेळला नसाल तर या महिन्यात खेळा. वॉर्सातल्या ११ बिट स्टुडिओजने २०१४ मध्ये काढला, बोस्नियाच्या युद्धातल्या सारायेव्हो शहराच्या वेढ्यावरून सुचलेला. त्यात एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात शिरून तुम्ही अन्न आणि औषधं चोरू शकता. कोणी अडवत नाही, गेमही रागावत नाही. परत आल्यावर तुमची पात्रं खचतात, हळू चालतात, एकमेकांशी बोलत नाहीत. २०२० मध्ये पोलंड सरकारने हा गेम शाळांच्या शिफारस केलेल्या वाचनयादीत घेतला. युद्धाविरुद्ध एकही भाषण नसलेला गेम.

चाचणीची पद्धतही बदला. चौदा जणांना एकदम देऊन पुढे सुधारायला कोण उरलं? पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या करा आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये गेम बदला. प्रत्येक फेरीत दोन जण कांदा पिकवणाऱ्या घरातले, एक व्यापार किंवा हमाली-मापाडीशी संबंधित, दोन असे की ज्यांचा कांद्याशी संबंध फक्त फोडणीपुरता. नुसता कॉलेज रोड पुरत नाही. निफाड, चांदवड, येवल्याकडे रविवारी लॅपटॉप घेऊन जा. खेळणाऱ्याच्या शेजारी बसा पण काही समजावू नका. स्क्रीन रेकॉर्ड करा आणि संवाद कुठल्या सेकंदाला ढकलला गेला ते लिहून ठेवा. एका फेरीत पाचपैकी तिघांनी एकच संवाद ढकलला तर तो संवाद गेला.

"मेसेज पोहोचला का?" असं विचारूच नका. ओळखीची माणसं हो म्हणतात. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा: काय झालं ते मला सांगा. कुठे राग आला, आणि कोणाचा? पुन्हा खेळलात तर काय वेगळं कराल? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात सगळं आहे. राग पात्राचा आला असेल तर गोष्ट चालतेय. स्वतःचा आला असेल तर हिशोब अचूक बसलाय. तुमचा, म्हणजे बनवणाऱ्यांचा आला असेल तर तुम्ही कुठेतरी त्याचा हात धरून जबरदस्तीने शिक्का मारलाय, ती जागा शोधा. आणि तिसऱ्या प्रश्नाला "काहीच नाही, शेवट तोच येणार" असं उत्तर आलं तर वर जे लिहिलंय ते पुन्हा वाचा.

चाचणीत एकदा जुन्या फोनवर आणि लॅपटॉपवर मराठी मजकूरही तपासा. गोडो ४ मध्ये देवनागरी जोडाक्षरं नीट जुळतात, गोडो ३ मध्ये तुटतात. 'शुल्क' तुटून दिसलं की गंभीर प्रसंगात खेळाडू हसतो.

आता पाटीबद्दल. 'हा गेम राजकीय नाही' असं लिहू नका. 'द डिव्हिजन २' चा गाजावाजा चालू असताना, २०१८ मध्ये, तो बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीकडून आम्ही कुठलंही राजकीय विधान करत नाही असं सांगितलं गेलं. गेमची जागा होती कोसळलेलं वॉशिंग्टन शहर. त्या विधानावरच बरीच चर्चा झाली. ज्याला राजकारण नको आहे तो अशी पाटी वाचून फसवला गेल्यासारखा चिडतो आणि ज्याला हवं आहे तो दुकानाच्या पानावरूनच परत जातो. साधं लिहा: 'निफाडच्या एका कांदा चाळीचे सहा महिने. तीन माणसं, तीन पट्ट्या.' कॉलेज रोडवरच्या मित्रांना काय मिळणार आहे ते आधीच कळेल.

रिव्ह्यूंची भीती थोडी कमी करा. १९ जून २०२० ला 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' आला आणि काही तासांत मेटाक्रिटिक या गेमचे गुण एकत्र दाखवणाऱ्या साइटवर शून्य गुणांचा पाऊस पडला. गेम संपवायला वीस-पंचवीस तास लागतात, म्हणजे त्या लोकांनी तो संपवलेला असणं शक्यच नव्हतं. त्यानंतर मेटाक्रिटिकने नव्या गेमवर वापरकर्त्यांचे गुण ३६ तास रोखून धरायला सुरुवात केली. स्टीमवर प्रत्येक रिव्ह्यूच्या बाजूला किती तास खेळला ते दिसतं. आधी ते वाचा. ०.२ तासांच्या शिवीगाळीला उत्तर देऊ नका. पाच तास खेळून "व्यापाऱ्याचा अंक खोटा वाटतो" असं लिहिणाऱ्याला द्या, दोन ओळींत, आणि चूक असेल तर कबूल करून पुढच्या अपडेटचं नाव सांगा. गेमशी संबंध नसलेल्या कारणावरून एकदम रिव्ह्यू आदळले तर स्टीम चालवणारी वाल्व्ह कंपनी २०१९ पासून तो काळ तपासून एकूण गुणांतून वगळू शकते. पण गेममधल्या भूमिकेवरचा राग हा विषयाबाहेरचा मानला जाईल असं धरून चालू नका. १० रिव्ह्यू होईपर्यंत स्टीम एकूण शेरा दाखवत नाही, म्हणून चाचणीतले जे लोक स्टीमवर गेम विकत घेतील त्यांना पहिल्या दिवशी खरं मत लिहायला सांगा, चांगलं लिहा असं सांगू नका. स्टीमवर नोंदणीचे १०० डॉलर भरण्याआधी पहिला अंक इच.आयओ या छोट्या गेमच्या साइटवर फुकट ठेवा, म्हणजे अनोळखी लोक कसे वागतात ते कळेल.

कायद्याचं थोडक्यात. निर्यातीच्या पडद्यावर तुम्ही भारताचा जो नकाशा वापरलाय त्यात उत्तरेची सीमा चुकीची आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा छापणं हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, तो आजच बदला. खऱ्या पक्षाचा झेंडा, खऱ्या नेत्याचा चेहरा, खऱ्या बाजार समितीचं बोधचिन्ह वापरू नका. तुमच्या मंत्र्यांचा गॉगल आणि आवाज कोणासारखा आहे हे नाशिकमध्ये कोणालाही कळेल. त्याने बदनामीचा धोका आहेच, शिवाय गेम एका माणसापुरता आणि एका निवडणुकीपुरता उरतो. शुल्क कोणी लावलं त्या नावापेक्षा ते चाळीत कसं उतरलं हे जास्त वर्षं टिकेल. बाजार समितीला काल्पनिक नाव द्या, मात्र गावांमधली अंतरं, ट्रॉलीतलं वजन, गोल्टी (बारीक कांदा) आणि मोठ्या मालाच्या भावातला फरक हे सगळं खरं ठेवा.

कामाचा क्रम असा धरा: या आठवड्यात तारखा, आडत आणि नकाशा. पुढचे तीन आठवडे हिशोब आणि फुटणारे शेवट, भाषण हटवूनच. मग पाच जणांची पहिली फेरी. व्यापाऱ्याचा अंक दुसऱ्या फेरीच्या आधी उभा करा. आणि तिसऱ्या फेरीत मामांना पुन्हा बोलवा. त्यांना शेतकऱ्याचा अंक आधी द्या, त्यांचा स्वतःचा नंतर. ते खेळत असताना कोणी मध्ये बोलू नका. बोलीच्या पडद्यावर ते किती वेळ थांबतात ते घड्याळ लावून मोजा आणि मला कळवा.